पुलाचे पाय कोण पाहतं?

पावसाळा लागला की रेडिओवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी अमुक इतके फूट.’ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. नदीकाठच्या बायका तो आकडा ऐकूनच ठरवतात, की धान्य माळ्यावर टाकायचं का, शेरडं-गुरं वरच्या आळीला न्यायची का, म्हाताऱ्या सासूला लेकीकडं पोचवायचं का. हा आयर्विन पूल १९२९ सालचा. तेव्हाच्या व्हाइसरॉयचं नाव त्याला दिलेलं. म्हणजे पूल शंभरीला आला, आणि आपण त्याचा उपयोग मोजपट्टीसारखा करत आलो. पुलावर नदी मोजतो. पण इतक्या वर्षांत नदीनं पुलाचं काय केलं, ते कोण मोजतं?

आजच्या भागात आम्ही हा इतिहास सांगणार आहोत. जुने पूल कसे झिजतात, आणि ते झिजलेत हे ओळखायला माणूस कसकसा शिकला. राजे-महाराजांचा इतिहास आपण खूप ऐकतो. हा त्यामानानं साधा आहे, पण बाजाराला, दवाखान्याला, माहेराला जाताना आपण रोज त्याच्यावरून चालतो.

सुरुवात सावित्रीपासून करू. महाबळेश्वरच्या डोंगरात आपली कृष्णा उगवते, तिथंच सावित्रीही उगवते. कृष्णा पूर्वेला आपल्याकडं आली. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरली, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळाली. दोघी एकाच डोंगरातल्या, पण सावित्रीची वाट फार उताराची आणि आखूड. वर महाबळेश्वरला ढग फुटल्यासारखा पाऊस लागला की खाली काही तासांत लोंढा येतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तसंच झालं. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि महाडच्या मधे सावित्रीवर दोन पूल होते. एक नवा, आणि त्याच्या शेजारी इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा. १९२८ साली बांधलेला, असं सरकारनं सांगितलं. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या जुन्या पुलावरून जायच्या. रात्री साडेअकराच्या सुमाराला त्या पुलाचा मधला भाग नदीत गेला. काळोख, वर मुसळधार पाऊस. गाडी चालवणाऱ्याला पुढं रस्ता नाही हे दिसणार कसं? जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसट्या आणि एक खासगी गाडी त्या अंधारात सरळ पाण्यात गेल्या. जवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं, तो धावत रस्त्यावर आला आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यानं अडवल्या. नाहीतर आणखी किती गेल्या असत्या कोण जाणे.

चाळीसच्या आसपास माणसं गेली. नौदल आलं, तटरक्षक दल आलं, आपत्तीचं पथक आलं. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून पाण्यात सोडलं, का तर गढूळ पाण्यात बसचं लोखंड तरी हाताला लागावं. एवढी मोठी एसटी, तीही सापडायला आठवडा उलटला. काही देह तर पार समुद्रकाठी मिळाले. आपल्यातल्या ज्या बाईनं रात्रीच्या एसटीत लेकाला बसवून दिलं असेल, तिला या आठवड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नंतर विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका असल्याचं आढळलं नव्हतं. ही गोष्ट आम्हाला फार लागली. तपासणीच झाली नाही, असं असतं तर राग काढायला सोपं गेलं असतं. पण तपासलं होतं, कागद झाला होता, आणि तीन महिन्यांत पूल गेला. मग तपासताना नेमकं काय बघतात? कुठून बघतात?

हे समजायला आधी दगडी पूल उभा कसा राहतो ते बघू. आपल्याकडचे जुने पूल दगड आणि चुन्यात बांधलेले. चुन्याचा घाणा असायचा. गोल चर खणून त्यात दगडी चाक, त्याला बैल जुंपलेला, आणि बैल फिरत राहील तसा चुना आणि वाळू मळली जायची. काही ठिकाणी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. त्यात लोखंडाचा गज नाही. कमानीतले दगड नुसते एकमेकांना दाबून धरतात. आपण लहानपणी दोघी पाठीला पाठ लावून बसायचो, एकीचा टेकू दुसरीला. तसंच. वरून वजन आलं तरी कमान घट्टच राहते. पण एकजण उठली की दुसरी मागच्या मागं पडते! कमानीचंही तेच. दोन्हीकडचे खांब जागेवर आहेत तोवर कमान शंभर काय, दोनशे वर्षं उभी राहील. एक खांब जरा खचला, की त्याच्यावर टेकलेल्या दोन्ही बाजूच्या कमानींचा आधार गेला.

आणि खांब खचतो तो खालून. पंढरपूरला चंद्रभागेत उभं राहिलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी पायाला वळसा घालून जातं आणि टाचेखालची वाळू सरकत राहते. हळूहळू पाय आत जातो, मग आपण पाय उचलून दुसरीकडं ठेवतो. पुलाला पाय उचलता येत नाही. पुराचं पाणी खांबावर आपटतं, खाली वळतं, भोवऱ्यासारखं फिरतं आणि खांबाच्या बुडाशी खड्डा करतं. ज्या रात्री पूर सगळ्यांत मोठा, त्या रात्री खड्डा सगळ्यांत खोल.

आता यातली खरी फसवणूक ऐका. पूर ओसरला की पाण्यातला गाळ खाली बसतो आणि तो खड्डा भरून जातो. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा खांबाभोवती सपाट, छान वाळू दिसते. बघणारा म्हणतो, पाया ठीक आहे. पण ती भरलेली वाळू भुसभुशीत. पुढच्या पुरात पहिल्या तासाला वाहून जाणार. म्हणजे मे महिन्यात पुलावर उभं राहून जे दिसतं, त्यावरून ऑगस्टच्या रात्रीचं कळत नाही. त्यात कुणी पुलाच्या खालच्या अंगाला वाळू उपसली असेल तर नदीचा तळच खाली जातो, आणि जमिनीत पुरलेला पाया उघडा पडतो. पुलाजवळ वाळू काढायला बंदी असते. ती कितपत पाळली जाते, ते रात्री ट्रॅक्टरचे आवाज ऐकणाऱ्या बायकांना विचारा.

हे दुसऱ्या देशांनाही ठेच लागल्यावरच कळलं. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. तिच्यावर पॉइंट प्लेझंट या गावाजवळ एक झुलता पूल होता. गंमत बघा, तोही १९२८ सालचा, आपल्या सावित्रीच्या पुलाच्या वयाचा. पण तो लोखंडी. जाड पट्ट्यांची साखळी करून तिला पूल टांगलेला. १५ डिसेंबर १९६७ ला, नाताळच्या खरेदीचे दिवस, संध्याकाळची गर्दी, आणि एका मिनिटात सगळा पूल नदीत गेला. ४६ माणसं गेली. चौकशीत काय निघालं? साखळीच्या एका कडीत, सांध्याच्या आतल्या अंगाला, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी म्हणा. ती चीर सांधा उकलल्याशिवाय दिसण्यासारखी नव्हतीच. आणि साखळीला दुसरा आधार नव्हता, एक कडी तुटली की सगळं संपलं.

तोवर त्या एवढ्या मोठ्या देशात पूल किती दिवसांनी तपासायचे, कुणी तपासायचे, याचा देशभर एकच असा नियम नव्हता. १९७१ मध्ये तो झाला. शिकलेल्या माणसानं दर दोन वर्षांच्या आत प्रत्येक पूल तपासायचा, त्याची नोंद ठेवायची. मग सगळे निर्धास्त झाले. १९८७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी नावाच्या नदीला पूर आला आणि महामार्गावरचा पूल पडला. चार मोटारी आणि एक मालट्रक, दहा माणसं गेली. या पुलाची तपासणी वेळच्या वेळी होत होती. फक्त वरून. पाण्याखालचा पाया पाणबुड्या पाठवून कुणी बघितलेला नव्हता. खांबाभोवती धोंडे टाकले होते ते जुन्या पुरात वाहून गेले, परत टाकलेच नाहीत. त्यानंतर तिकडं पाण्याखालची तपासणी सक्तीची झाली.

म्हणजे सावित्रीच्या २९ वर्षं आधी हा धडा जगाला मिळाला होता. आपल्याकडंही कागदावर काही नव्हतं असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था, तिनं १९९० मध्ये पूल कसे तपासायचे याची पुस्तिका काढली. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल बघायचा, ही रीत तर बांधकाम खात्यात जुनीच.

रेल्वेचं मात्र पहिल्यापासून वेगळं. रेल्वेत प्रत्येक पुलाला नंबर, प्रत्येक पुलाची नोंदवही. पावसाळा संपला की इंजिनिअरनं जाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. गेल्या वर्षी काय लिहिलं होतं ते त्याच्या समोर असतं. खांबावर आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण आणि धोक्याची पातळी रंगवलेली असते. कोकण रेल्वेनं तर काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या आपल्या पुलांना पुराचा इशारा देणारी यंत्रं बसवली आहेत. पाणी ठरावीक खुणेच्या वर गेलं की निरोप जातो. पावसाळ्यात रुळावरून रात्रंदिवस गस्त असते, ती वेगळी. सावित्री नदी तीच. रेल्वेचा डबा आणि एसटी, दोन्हीत आपलीच माणसं बसतात. मग नदी ओलांडताना एकाला राखण आणि दुसऱ्याला नाही, असं का असावं?

रस्त्याला राखणदार नव्हता असंही नाही. आमच्या गटातल्या एकीचे मामंजी मैलकुली होते. नव्या मुलींना हा शब्द माहीत नसेल. बांधकाम खात्याचा मजूर, त्याला रस्त्याचा एक तुकडा नेमून दिलेला. रोज तेवढ्या तुकड्यावर फिरायचं, खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची, झाडाची फांदी पडली तर बाजूला करायची. आम्ही त्यांना विचारलं, “मामा, पुलाचं तुम्ही काय करायचात?” ते म्हणाले, “काय करायचं? पिंपळ उपटायचा.” आम्हाला हसू आलं. पण ते हसले नाहीत. म्हणाले, “कावळा बी टाकतो, दगडाच्या दरजेत पिंपळ रुजतो. बोटाएवढा असताना दोन बोटांनी निघतो. एक पाऊस गेला की खुरपं लागतं. पाच पाऊस गेले की तो दगड घेऊनच निघतो.” मग त्यांनी दुसरं सांगितलं. पुलाच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती मातीनं बुजतात. पाणी पुलावर तुंबतं, आणि तुंबलं की ते खाली कमानीत मुरतं, चुना धुऊन नेतं. कमानीखाली पांढरे ओघळ दिसतात, तो चुनाच. “एक काठी घेऊन भोक मोकळं केलं की झालं. पण ती काठी घालायला माणूस पाहिजे.” आता मैलकुली फारच कमी राहिलेत. जेसीबी आहे. पण जेसीबीला बोलवावं लागतं, मैलकुली रोज तिथं असायचा.

दरजा भरण्याचंही त्यांनी सांगितलं. जुन्या चुन्याच्या कामावर वरून सिमेंट थापलं की पूल नवा दिसतो, पण आतली ओल बाहेर पडत नाही. शेणामातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यावर काय होतं ते आपण घराघरात बघितलंय. वरून गुळगुळीत आणि आतून भिंत ओलीच.

तुम्ही म्हणाल, म्हणजे जुने तेवढे धोक्याचे आणि नवे चांगले. तसं नाही. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० मध्ये सिमेंटचा मोठा पूल झाला. ५ जुलै १९८६ ला तो पडला. सोळा वर्षांचा पोर! आतल्या ताणलेल्या लोखंडी तारा खाऱ्या हवेनं गंजल्या होत्या, आणि त्या सिमेंटच्या पोटात असल्यामुळं वरून दिसत नव्हत्या. लोकांना पुढची कित्येक वर्षं परत फेरीबोटीनं ये-जा करावी लागली. सिमेंटमधलं लोखंड गंजलं की फुगतं. फुगलं की वरच्या सिमेंटची खपली उडते, गज उघडा पडतो आणि आणखी भरभर गंजतो. आपल्या स्लॅबच्या घरात मोरीवरच्या छताला हेच होतं. पुलाला वर्षं विचारून भागत नाही, त्याला हात लावून बघावं लागतं.

‘इंग्रजांच्या कंपनीकडून लंडनहून पत्र येतं, की तुमच्या पुलाची शंभर वर्षं भरली, आता आमची जबाबदारी नाही.’ ही गोष्ट आम्हीही लहानपणापासून ऐकतो. प्रत्येक तालुक्यात एक पूल असतो आणि त्या प्रत्येकाला असं पत्र आलेलं असतं. पत्र डोळ्यांनी बघितलेली एकही बाई आम्हाला अजून भेटली नाही. असेल एखाद्याचं खरं. पण आपल्या ओढ्यावरचा पूल कसा आहे हे लंडनच्या माणसानं सांगावं, आणि आपण त्याच्या पत्राची वाट बघावी, हे काही आम्हाला पटत नाही.

तर हात लावून बघायचं कसं? तपासणारे लोक पहिल्यांदा हातोडीनं वाजवून बघतात. कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटानं टिचकी मारतो ना, खण्ण वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर तडा. सिमेंटही तसंच वाजतं. आत पोकळ झालं असेल तर आवाज बदलतो. चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून ठेवतात. महिन्यांनी येऊन बघायचं. काच शाबूत असेल तर चीर जुनी, थांबलेली. काच फुटली असेल तर चीर चालू आहे. ही युक्ती फार जुनी, आणि अजून वापरतात. चिरेच्या टोकाला खूण करून तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी ती किती सरकली ते कळतं. आता यंत्रंही आली. सिमेंटमधून आवाजाची लहर सोडून आतली पोकळी शोधतात, पाण्याची खोली आवाजानं मोजतात, खांब केसभर झुकला तरी सांगणारी यंत्रं बसवतात, ड्रोननं कमानीच्या खाली जाऊन फोटो काढतात. सगळं चांगलं आहे. पण या प्रत्येक युक्तीत मुख्य गोष्ट एकच, की एकदा बघून कळत नाही. मागच्या वेळचं लिहिलेलं हाताशी असलं तरच आजचं बघणं कामाचं. बाळाचं वजन अंगणवाडीत एकदाच केलं तर काय समजणार? कार्डावर महिन्या-महिन्याची रेघ ओढली की मग ताई म्हणते, अगं, पोर दोन महिने वाढलंच नाही.

सावित्रीनंतर सरकारनं जुन्या पुलांची तपासणी करायचे आदेश काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रानं देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची एक मोठी नोंदवही संगणकावर सुरू केली. दीड लाखाहून जास्त पूल आणि मोऱ्या तिच्यात लिहिल्या गेल्या. महाडचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला सुरूही झाला. कामाला लागलं की किती लवकर होतं बघा.

पण कागद झाला म्हणजे काम झालं, असं नाही. मुंबईत १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी मोठ्या स्टेशनबाहेरचा हिमालय नावाचा पादचारी पूल कोसळला. सात माणसं गेली. त्यात तीन परिचारिका होत्या, रात्रपाळीला निघालेल्या. त्या पुलाचं ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती करा, असं त्यात लिहिलेलं. आणि पुणे जिल्ह्यात मावळात, इंद्रायणीवर, कुंडमळ्याचा लोखंडी पूल. तो धोक्याचा आहे हे माहीत होतं, तसा फलकही लावलेला होता. १५ जून २०२५, रविवार, पावसाची मजा बघायला माणसं आली, पुलावर गर्दी झाली आणि पूल खाली आला. चार जण गेले. एका ठिकाणी तपासून कळलं नाही, दुसऱ्या ठिकाणी कळून थांबवलं नाही. फलक लावणाऱ्याचं काम फलकाशी संपत नाही, हे खरंच. पण फलक वाचून त्यावर उभं राहून फोटो काढणारेही आपल्याच घरातले असतात.

हे सगळं वाचता वाचता आम्हाला आमचा पूल आठवला. गावाबाहेर ओढ्यावर तीन कमानींचा दगडी पूल आहे. कधीचा ते आमच्या आजीसासूलाही सांगता येत नाही. “मी लग्न होऊन आले तेव्हा होता,” एवढंच. त्यांच्या लहानपणी पूल बांधायचं काम निघालं की बायका पोरांना घरात कोंडून ठेवायच्या, पूल बळी मागतो म्हणून. ते काही आम्ही मानत नाही. पण आजींनी एक गोष्ट सांगितली ती आम्ही लिहून घेतली. त्या धुणं धुवायला मधल्या खांबाजवळच्या दगडावर बसायच्या. तो दगड खांबाला टेकलेला होता, पाणी मधून जात नव्हतं. आता त्या दगडाच्या आणि खांबाच्या मधून पोरं पोहत जातात.

चाळीस-पन्नास वर्षांत नदीनं खांबाच्या बुडाशी काय केलं, त्याची ही नोंद. कुठल्याही कार्यालयात नसलेली. आजींच्या डोक्यात.

आम्ही अर्ज लिहिला, संबंधित कार्यालयात दिला, पोच घेतली. चार महिने काही झालं नाही. दोनदा जाऊन आलो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा फाईल दुसऱ्या टेबलावर. मग ग्रामसभेत विषय घेतला, ठराव करून जोडला. पाचव्या महिन्यात एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. त्या पुलावरून बघून जातील असं वाटलं होतं, पण त्यांनी चप्पल काढली, साडीचा ओचा खोचावा तशी पँट दुमडली आणि थेट पाण्यात उतरल्या. आजींचा दगड त्यांना दाखवला. त्यांनी बरीच मापं घेतली. म्हणाल्या, खांबाभोवती दगड भरावे लागतील, वर कळवते. आणि म्हणाल्या, “मावशी, तुम्ही रोज इथं येता, मी वर्षातून एकदा येणार. तुम्ही लिहून ठेवाल का?”

तेव्हापासून गटाच्या बचतीच्या रजिस्टरशेजारी एक शंभरपानी वही असते. तिच्यात फार काही नाही. एका बांबूवर वीतभर अंतरानं रंगाच्या रेघा मारल्यात. महिन्यातून एकदा, ओढ्याला पाणी कमी असताना, दोघीजणी उतरतात आणि तिन्ही खांबांपाशी बांबू किती जातो ते बघतात. पुराच्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, हा नियम पहिल्याच पानावर लिहिलाय. कमानीखालच्या एका चिरेच्या दोन्ही टोकांना खडूनं नाही, रंगानं खूण केली आहे, तारखेसकट. दरजेतलं रोप दिसलं की उपटायचं. मोठा पाऊस येऊन गेल्यावर पाण्याचा रंग, कठड्यावर पाणी आलं का, नवा ओघळ दिसतो का, एवढं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, दुसरी लिहिते. त्या इंजिनिअर बाईंना वहीच्या पानांचे फोटो मोबाइलवर जातात.

दगड भरायचं काम अजून व्हायचं आहे. मंजुरी आली आहे असं कळलंय, पाऊस उघडल्यावर सुरू करतो म्हणाले. तोवर आम्ही एसटीच्या चालकांना सांगून ठेवलंय, की पाणी कमानीच्या वरच्या दगडाला लागलं तर गाडी अलीकडच्या फाट्यावरच थांबवायची, आम्ही चालत येतो. चालकदादांनी मान हलवली. एकदा जुलैमध्ये त्यांनी खरंच थांबवली. बाजाराची ओझी डोक्यावर घेऊन आम्ही लांबच्या रस्त्यानं, वरच्या फरशीवरून दीड तास चालत घरी आलो. वाटेत काहीजणी कुरकुरल्या, आम्हीही कुरकुरलो.

गेल्या महिन्याची नोंद अशी आहे: पहिला खांब, बांबू तीन रेघा. दुसरा खांब, पाच रेघा, मागच्या वेळी साडेचार. तिसरा खांब, तीन रेघा. चीर जागच्या जागी. पिंपळाची रोपं दोन, काढली.